आंबटाचा पत्ता

फिलिपाइन्सच्या तागालोग भाषेत भाताबरोबर जे जे म्हणून खाल्लं जातं त्याला एकच शब्द आहे, उलाम. आपल्या 'कालवणा'ला इतका जवळचा शब्द इंग्रजीतसुद्धा सापडत नाही. भाताचंही तसंच. शेतात उभी असते ती साळ म्हणजे पालाय, कांडून निघालेला तांदूळ तो बिगास, शिजला की कानिन, रात्रीचा उरला तर बाहाव आणि भांड्याच्या तळाला लागलेली खरवड ती तुतोंग. ज्या भाषेत भाताची इतकी नावं आहेत तिथला माणूस दुबईला गेला, हाँगकाँगला गेला, बोटीवर चढला, तरी भातावाचून राहत नाही. भात सगळीकडे मिळतो. अडतं ते कालवणापाशी, आणि कालवणात अडतं ते आंबटापाशी.

आंबट काय, कुठंही मिळतं, असं कुणी म्हणेल. पण आमसुलं संपली म्हणून सारात लिंबू पिळलं तर जे होतं ते प्यायला वाईट नसतं, फक्त ते सार नसतं. फिलिपिनो स्वयंपाकात तर आंबटावरून पदार्थाचं पूर्ण नाव ठरतं. सिनिगांग म्हणजे मांसाचा किंवा मासळीचा भाज्या घातलेला पातळ, आंबट रस्सा. पण नुसतं सिनिगांग म्हणून भागत नाही. सांपालोकचं, म्हणजे चिंचेचं? पिकल्या पेरूचं? की कामियासचं? कामियास म्हणजे आपली बिंबली, कोकणात परसात झाडाच्या खोडालाच लगडते ती. डोरीन फर्नांडेझ या तिथल्या खाद्यसंस्कृतीच्या मोठ्या अभ्यासक. फिलिपिनी जेवणाची खूण म्हणून आदोबोपेक्षा, म्हणजे व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेल्या मांसापेक्षा, सिनिगांगकडे बोट दाखवायला हवं, अशी त्यांची मांडणी होती. परदेशातल्या तलफेकडे पाहिलं तर ती पटते. आदोबो कुठंही जमतो, सिनिगांग फसतं.

फसतं ते बहुतेक वेळा चिंचेमुळे. सिनिगांगला लागते कच्ची, हिरवी चिंच, जिचं टरफल अजून गराला चिकटून आहे अशी. परदेशातल्या दुकानात मिळते ती पिकलेली, बिया काढून वीट केलेली तपकिरी चिंच. तिचा कोळ काढून घातला की तीन गोष्टी बिघडतात. रस्सा गढूळ तपकिरी होतो, त्यात गुळचट चव उतरते आणि आंबटपणा जिभेवर रेंगाळत बसतो. हिरव्या चिंचेचं आंबट एकदम येतं आणि लख्ख जातं. दात शिवशिवतात, त्याला तागालोगमध्ये 'न्गिलो' म्हणतात. याहून मोठी चूक म्हणजे देखण्या खोक्यांतून मिळणारी थाई गोड चिंच. ती मुळात नुसती खायची जात आहे, तिचा पाव किलो कोळ घातला तरी रस्सा आंबट होणार नाही. बरणीतला काळा चिंचेचा अर्कही नको, तो आटवलेला असतो आणि तीच आटलेली चव सगळ्या भांड्याला लागते.

सिनिगांगची रीत साधी आहे, क्रम मात्र कडक. तांदूळ धुतल्यावर पहिलं पाणी टाकून द्यायचं आणि दुसरं धुवण ठेवायचं. याला हुगास-बिगास म्हणतात. एक किलो हाडासकट डुकराच्या मांसाला दोन लिटर धुवण पुरतं. या पाण्यानं रश्शाला किंचित अंग येतं आणि आंबटाची धार थोडी मऊ होते. मांस आधी साध्या पाण्यात एक उकळी आणून ते फेसाळ पाणी फेकायचं, मग धुवणात एक कांदा आणि दोन टोमॅटो घालून मंद आचेवर तास-सव्वा तास शिजवायचं. मांस निम्मं नरम झालं की तीनशे ग्रॅम अळकुड्या सोलून घालायच्या. त्यातल्या दोन-तीन नंतर पळीनं रश्शातच चेचल्या की तो दाटसर होतो. मग जाड चकत्या करून एक मुळा, बोटाएवढे तुकडे केलेल्या चवळीच्या लांब शेंगा, दोन लहान वांगी, सहा-आठ अख्ख्या भेंड्या आणि लांब पोपटी मिरच्या, याच क्रमानं. भेंडीचं देठ बेतानंच छाटायचं. पोकळी उघडी पडली की तार सुटते.

तोवर दुसऱ्या भांड्यात पाव किलो हिरवी चिंच दोन वाट्या पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळायची. टरफलं तडकली की पळीनं चेचायची आणि गाळायची. हे आंबट पाणी रश्शात जातं ते मांस, अळकुड्या आणि शेंगा पूर्ण शिजल्यावरच. आधी घातलं तर पुढं तासभर उकळलं तरी भाज्या टणक राहतात. आमटीत चिंच आधी पडली की तुरीची डाळ शिजायचं नाव घेत नाही, तेच इथं. मग दोन मोठे चमचे पातिस, म्हणजे मासळीच्या खाऱ्या अर्काचं पाणी, आणि शेवटी गॅस बंद करून कांगकोंगची पानं. कांगकोंग म्हणजे आपली नाळीची भाजी. ती मिळाली नाही तर पालक चालतो, पण झाकण ठेवून दोन मिनिटंच. प्रेशर कुकरचा मोह मांसापुरता ठीक आहे. भाज्या त्यात घालू नयेत, वांग्याचं पिठलं होतं.

हिरवी चिंच थाई किंवा व्हिएतनामी दुकानाच्या फ्रीझरमध्ये असते, पण बरेच जण भाजीच्या फळीवर शोधून परत येतात. तिथंही नसली तर एकच पर्याय पुरत नाही, दोन-तीन आंबटं जोडावी लागतात. वरच्या मापाला दोनऐवजी तीन करकरीत टोमॅटो, दोनशे ग्रॅमची एक कैरी उकडून आणि गाळून, आणि गॅस बंद केल्यावर दोन लिंबांचा रस. लिंबू उकळत्या रश्शात पिळलं तर त्याचा वास उडून जातो आणि कडसर चव तेवढी राहते. चिंचेचीच चव हवी असेल तर तिचा कोळ चमचाभर, त्याहून जास्त नाही.

आणि पाकीट. सिनिगांगची पूड मिळते, जगभर मिळते, आणि तिच्यावर नाक मुरडणारे घरी तीच वापरतात. त्यात चिंचेची भुकटी असते, मीठ असतं, अजिनोमोटो असतं आणि मुख्य म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूफूल. म्हणून तो आंबटपणा जिभेच्या टोकाला झोंबतो आणि मागं काही उरत नाही. तरीही पाकीट टाकाऊ नाही. अर्धं पाकीट आणि उरलेलं आंबट टोमॅटो-कैरीचं, असं केलं की पूडही खपते आणि फळाची चवही मिळते. चूक होते ती मिठात: पुडीत मीठ आहे हे विसरून पातिस आधी घातलं जातं आणि मग दोन लिटरचं खारं पाणी तयार होतं.

फिलिपाइन्सच्या मधल्या बेटांवरचा, म्हणजे विसायासमधला, इलोइलो आणि नेग्रोसकडचा माणूस मात्र या चिंचपुराणाला हसेल. त्यांचं आंबट वेगळं, बातुआन. हे गोल, फिकट हिरवं फळ कोकमाच्याच कुळातलं, गार्सिनियातलं. त्यांच्या ज्या कालवणासाठी परदेशात जीव तुटतो त्यात तीन गोष्टी असतात: काद्योस, बाबोय, लांका. काद्योस म्हणजे तूर, बाबोय म्हणजे डुक्कर, लांका म्हणजे फणस, इथं कोवळा. डुक्कर बाजूला ठेवलं तर ही यादी रत्नागिरीतल्या एखाद्या स्वयंपाकघरातलीच वाटते. तूर तिथं गडद सालीची, अख्खी. तिनं रस्सा जांभळट करडा होतो आणि तोच त्याचा खरा रंग मानतात. परदेशात भारतीय वाण्याकडे अख्खी तूर मिळते, ती रात्रभर भिजवावी. कोवळा फणस डब्यातला घेताना खाऱ्या पाण्यातला घ्यावा, पाकातला नव्हे. चित्र दोन्हींवर सारखंच असतं.

बातुआनच्या जागी आमसुलं चालतात. दीड लिटरला सात-आठ पुरे. पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आमसुलांना मीठ लावलेलं असतं, तेव्हा ती आधी धुवावीत. रस्सा लालसर होतो. काद्योसच्या जांभळटपणात ते लपून जातं, पण पांढऱ्या मासळीच्या रश्शात नाही. आणि फार उकळली तर तुरटपणा सुटतो, म्हणून शेवटची दहा मिनिटंच. त्याच फळीवर केरळची कुडंपुळी दिसते. तीही त्याच कुळातली, पण ती धुरावर वाळवलेली असते आणि तो धूर रश्शात येतो. ती इथं नकोच.

आंबटाचं दुसरं घर म्हणजे सुका, व्हिनेगर. तिथं व्हिनेगर ही एक वस्तू नाही. उसाचं आहे, नीपा नावाच्या खारफुटीतल्या ताडाचं आहे, ज्यासाठी बुलाकान प्रांतातलं पाओम्बोंग गाव प्रसिद्ध आहे. आणि नारळाचं आहे. माडाची पोय छेदून काढलेली ताजी माडी म्हणजे तुबा. ती आंबत जाऊन व्हिनेगर होते. गोव्यात अगदी हेच करतात. तेव्हा ज्या शहरात फिलिपिनो दुकान नाही पण गोवेकराचं दुकान आहे, तिथं माडाच्या व्हिनेगरची बाटली घेतली तर ती विसायासच्या माणसाला चालते, बदली म्हणून नव्हे, तीच वस्तू म्हणून. सोरपोतेल आणि त्यांचं दिनुगुआन, दोन्हींत डुकराचं रक्त आणि व्हिनेगर येतं. एकाला दुसरं परकं वाटत नाही.

हे सगळं शोधायचं कशासाठी, हे ठरवून पैसे खर्च करावेत. शिजवायला साधं पांढरं व्हिनेगर चालून जातं, चिमूटभर साखर घातली की झालं. बुडवून खायला मात्र नाही. तळलेली मासळी, भाजलेलं मांस यांबरोबर पानाशेजारी वाटीत जे येतं त्याला सावसावान म्हणतात, आणि तिथं कच्च्या व्हिनेगरचा वास, रंग, सौम्यपणा सगळं उघडं पडतं. महागाची बाटली त्यासाठी राखावी. सिनामाक, म्हणजे मिरची-लसूण मुरवलेलं व्हिनेगर, करायचं तर अर्धा लिटर माडाच्या व्हिनेगरमध्ये पंधरा-वीस लवंगी मिरच्या, आठ लसणाच्या पाकळ्या, दोन बोटं आल्याच्या चकत्या आणि चमचाभर काळी मिरी. बाटली आतून खडखडीत कोरडी हवी. आठवड्यानं चव धरते. लसूण कधीकधी निळा-हिरवा पडतो आणि लोक घाबरून बाटली ओतून देतात. तो आंबटात तसा होतो, खायला काही धोका नसतो.

आदोबोचं सोपं गणित असं: एक किलो कोंबडीच्या मांड्या, अर्धा कप व्हिनेगर, थोडं कमी सोया सॉस, लसणाचा अख्खा गड्डा ठेचून, तीन तमालपत्रं, चमचाभर अख्खी मिरी, कपभर पाणी. व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही, असं तिथल्या आया बजावतात. ढवळण्यापेक्षा झाकणाकडे लक्ष द्यावं, हे माझं मत. पहिली आठ-दहा मिनिटं झाकण उघडं असलं की व्हिनेगरचा नाकात जाणारा उग्रपणा वाफेबरोबर निघून जातो. झाकण घट्ट लावलं तर तो तिथंच राहतो आणि आदोबो लोणच्यासारखा लागतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तर करूच नये, कळकतो.

हाच आदोबो हाँगकाँगच्या रविवारचा डबा असतो. तिथल्या फिलिपिनो घरकामगार स्त्रियांना नियमानं मालकाच्याच घरात राहावं लागतं आणि आठवड्याला एक सुट्टी मिळते. सहा दिवस जे स्वयंपाकघर वापरायचं ते आपलं नसतं. तुयो, म्हणजे खारवून सुकवलेली मासळी, तिथं तळता येत नाही; तिचा वास पडद्यांत बसतो. मुंबईच्या सोसायटीत सुकट भाजल्यावर जिन्यात जे ऐकावं लागतं, त्याची परदेशी आवृत्ती. म्हणून रविवारी सेंट्रल भागात पुठ्ठे अंथरून बसल्यावर जे डबे उघडतात त्यांत व्हिनेगर-मिठामुळे प्रवासात टिकणारं कालवण जास्त. सिनिगांग डब्यात जात नाही. गार झालं की वर चरबीची साय धरते आणि नाळीची भाजी काळी पडते. त्याला चूल हवी आणि चुलीपाशी उभं राहण्याचा हक्क हवा. जवळच्या वर्ल्ड-वाइड हाउसमधल्या छोट्या दुकानांतून पुड्या, पातिस आणि बरण्या घेता येतात. शिजवायचं कुठं, हा प्रश्न दुकानदार सोडवू शकत नाही.

दुबईच्या करामा वस्तीत हा प्रश्न निराळा. तिथं मराठी आणि फिलिपिनो माणसं एकाच इमारतीत, कधी एकाच मजल्यावर राहतात. डुकराचं मांस काही मोजक्या सुपरमार्केटांच्या वेगळ्या दालनात मिळतं, सौदीत तर मिळतच नाही, तेव्हा सिनिगांग बैलाच्या नळीच्या हाडाचं किंवा कोळंबीचं होतं. कोळंबीचं चांगलं होतं, फक्त डोकी फेकू नयेत. ती ठेचून, पाण्यात उकळून, गाळून तेच पाणी वापरायचं, नाहीतर रस्सा पोकळ लागतो. बोटीवर सगळं आचाऱ्याच्या हातात. 2006 च्या सागरी श्रम करारात खलाशांना जेवण फुकट द्यावं आणि त्यांच्या धार्मिक व सांस्कृतिक सवयी ध्यानात घ्याव्यात असं लिहिलेलं आहे. त्यात आंबट कुठलं हे लिहिलेलं नाही. रत्नागिरीचा आणि इलोइलोचा खलाशी एकाच मेसमध्ये जेवत असतील तर आमसुलांची पुडी दोघांच्याही उपयोगाची, एवढं आचाऱ्याला कुणीतरी सांगावं.

कालामान्सीची जागा मात्र कशानंच पुरती भरत नाही. गोटीएवढं फळ, बाहेर हिरवं, आत नारिंगी, लिंबाचा आंबटपणा आणि संत्र्याचा वास. दोन भाग लिंबाचा रस आणि एक भाग आंबट संत्र्याचा रस, ही तडजोड खपून जाते. ताजं फळ हाती लागलंच तर ते मधोमध कापू नये. बिया मध्यावर असतात, सुरीखाली चिरतात आणि रस कडू होतो. देठाकडून चतुर्थांशावर टोपी उडवल्यासारखं कापायचं आणि चाळणीवर पिळायचं. बाटलीतला रस कडसर का लागतो, याचं उत्तर बरेचदा इथंच असतं: फळ सालीबियांसकट दाबलं गेलेलं असतं.

शेवटी उरतं ते शिजवायलाही न लागणारं: कैरीची फोड आणि बागोओंग. बागोओंग आलामांग म्हणजे जवळा, मीठ घालून आंबवलेला. कोकणात जवळा उन्हात वाळतो, तिथं तो मिठात मुरतो, साधारण तीन भाग जवळ्याला एक भाग मीठ. बरणीतून काढून तसाच खाल्ला तर खारट लागतो. थोड्या तेलात लसूण, कांदा परतून त्यात तो मंद आचेवर परतायचा, चमचाभर साखर, थोडं व्हिनेगर, एक मिरची. तेल सुटलं की झाला. विमानानं आणायचा तर हातातल्या सामानात बऱ्याच विमानतळांवर शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाही. मोठ्या सामानात टाकताना झाकणाला चिकटपट्टी आणि दोन पिशव्या हव्यात, नाहीतर उरलेले सगळे कपडे बागोओंगचे होतात.

कैरी कुठली घ्यावी? थंड देशांतल्या सुपरमार्केटातला 'हिरवा आंबा' बहुधा पिकायला ठेवलेला असतो. बाहेरून टणक, आत पिवळा आणि पिठूळ. भारतीय दुकानात मोसमात येणारी करकरीत कैरी याहून पुष्कळ बरी. फिलिपाइन्समध्ये बागोओंगबरोबर खायची एक लहान, गोलसर कैरी आहे, बाजारात तिला इंडियन मँगो म्हणतात. तिचं दुसरं नाव काचामिता. कच्ची असतानाच थोडी गोड लागते म्हणून.